जुनी स्कूटर ठेवावी की नवी घ्यावी? गोव्याच्या खाऱ्या हवेतली तपासणी

दहा-बारा वर्षांची अ‍ॅक्टिव्हा रोज सुरू होते, कामावर नेते, परत आणते. तरी चवथीच्या तोंडावर शोरूमच्या ऑफरी लागल्या की घरात नव्या गाडीचा विषय निघतोच. मग बहुतेक जण इंजिनाकडे बघून ठरवतात: आवाज बरा आहे का, मायलेज पडलं का. गोव्यात हा क्रम उलटा हवा. त्या ११० सीसी इंजिनाचा जवळपास प्रत्येक भाग म्हापसा, फोंडा, मडगावच्या दुकानांत मिळतो आणि बदलता येतो. फ्रेम आतून गंजली तर तसा सोपा उपाय नसतो. म्हणून आधी फ्रेम, मग इंजिन, मग कागद, आणि शोरूम सगळ्यात शेवटी.

इथे २००९ ते २०१९ या काळातल्या कार्बोरेटरवाल्या (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा यांत्रिक भाग असलेल्या) अ‍ॅक्टिव्हा डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. ज्युपिटर किंवा अ‍ॅक्सेससारखी दुसऱ्या कंपनीची स्कूटर असेल तर आकडे मॅन्युअलमध्ये बघून घ्यावेत, बाकीचं बहुतेक तसंच लागू पडतं.

गंज कुठे बघायचा

पावसाने गाडी गंजते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण किनाऱ्यावर खरा त्रास मिठाचा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. म्हणजे जानेवारीत पावसाचा थेंब नसतानाही पहाटे पाइपवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतो. मोरजी, कळंगुट, कोलव्याकडची गाडी आणि वाळपई-सांग्याकडची गाडी एकाच वर्षीच्या असल्या तरी खालून बघितल्या तर वेगळ्या दिसतात. रायबंदर-चोडणसारख्या फेरीबोटीने रोज जाणाऱ्यांची गाडी तर भरतीच्या वेळी रॅम्पवरच्या खाऱ्या पाण्यातून जाते. ते पाणी खालून उडतं आणि जिथे कापड पोचत नाही तिथे बसतं.

तपासणीला टॉर्च, छोटा सपाट स्क्रूड्रायव्हर, वायर ब्रश आणि एक लोहचुंबक पुरे. फ्लोअरचे स्क्रू गंजलेले असतील तर आदल्या रात्री त्यांच्यावर गंज सैल करणारा स्प्रे मारून ठेवा. तसेच फिरवायला गेलात तर डोकी झिजतात आणि मग ड्रिल करावं लागतं.

फ्लोअरचं प्लास्टिक काढलं की खाली फ्रेमचा पाइप आणि त्याला वेल्ड केलेले ब्रॅकेट दिसतात. रबरी मॅटखाली साठलेली लाल माती इथे उतरून बसलेली असते. ती धुऊन टाकू नका, आधी कोरडी खरवडा, म्हणजे खालचा पाइप खरा कसा आहे ते कळेल. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पाइपवर सगळीकडे ठोका. घट्ट, खणखणीत आवाज यायला हवा. एखाद्या जागी बद्द आवाज आला तर तिथे टोक दाबून बघा. वरवरची तांबूस पूड निघाली तर हरकत नाही. पापुद्रे सुटत असतील तर पाइपची जाडी कमी झालेली आहे. टोक आत गेलं तर ती गाडी रस्त्यावर आणू नये, आणि थेट शेवटच्या ‘कागद’ भागाकडे जावं.

इथे गॅरेजमध्ये हमखास सल्ला मिळतो: पट्टी लावून वेल्ड करून देतो. फ्लोअरचा ब्रॅकेट, बॅटरीच्या पेटीचा आधार, मडगार्डचा कान अशा जागी पट्टी ठीक आहे. मुख्य पाइपवर नको. ब्रेक मारताना आणि खड्ड्यात चाक आपटताना सगळा भार त्या पाइपवर येतो. वेल्डची पट्टी टिकते, पण तिच्या कडेला उष्णतेने कमजोर झालेला आणि आतून आधीच पातळ झालेला पत्रा तडकतो. तडा आत असतो, वरून रंग चांगला दिसतो.

यानंतर इंजिन जिथे फ्रेमला टांगलेलं असतं तो हँगर, मागच्या शॉकअबचा वरचा जोड आणि मेनस्टँडचा पिन. गाडी मेनस्टँडवर घेऊन मागचं चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवा. फक्त चाक हललं तर बेअरिंग किंवा एक्सलकडे बघा. चाकाबरोबर सगळं इंजिन हललं तर हँगरचे रबरी बुश गेलेत. बुश बदलणं स्वस्त आहे, मात्र ज्या ब्रॅकेटमध्ये ते बसतात तो गोल राहिला आहे ना ते बघा. भोक लांबट झालं असेल तर नवा बुश दोन महिन्यांत पुन्हा ढिला होईल.

पुढे या पिढीच्या गाड्यांना बॉटम-लिंक सस्पेन्शन आहे. खालच्या छोट्या आर्मचे बुश सुकले की खड्ड्यात टक-टक वाजतं आणि चाक आडवं हलतं. हँडल मधोमध आणून हळू डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर खाच असल्यासारखं अडकत असेल तर स्टीअरिंगच्या गोळ्यांनी कपात खड्डे पाडले आहेत. नुसतं ग्रीस भरून ते जात नाही, कप आणि गोळ्यांचा पूर्ण सेट बदलावा लागतो.

बाहेरचा पत्रा शेवटी. अ‍ॅक्टिव्हाचे बाजूचे पॅनेल लोखंडी, त्यामुळे खालची कड फुगतेच. चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुटी भरलेली आहे. ही दिसण्याची बाब आहे, निर्णयात तिला फार वजन देऊ नये. उलट चकचकीत नवा रंग मारलेली जुनी गाडी विकत घेताना जास्त सावध राहावं. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली रेंट-अ-बाइक पुढे खासगी करून विकली जाते, तीही याच जातीची. आरसीवरचा आधीचा वापर बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

इंजिन: थंड असतानाच

गॅरेजला गरम गाडी नेऊन विचारलं तर अर्धी लक्षणं लपतात. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा आणि सायलेन्सरकडे बघा. पांढरी वाफ मिनिटभरात गेली तर ती ओल. सुरू करताना निळसर धूर येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील कडक झालेत. चालवतानाही, विशेषतः अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर, निळा धूर येत राहिला तर रिंग आणि सिलिंडर झिजलेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणजे एअर फिल्टर तुंबलेला किंवा चोक अडकलेला.

रिंग की व्हॉल्व्ह हा संशय मिटवायला एक जुनी रीत आहे. प्लग काढून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) लावा, आकडा लिहून घ्या. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा बराच वाढला तर रिंग, जवळजवळ तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह. दोन्ही दुरुस्त होतात. क्रँकच्या बेअरिंगचा घरघर आवाज मात्र वेगळा: तो रेस वाढवली की वाढतो आणि फ्लोअरमधून तळपायाला जाणवतो. त्यासाठी इंजिन पूर्ण उघडावं लागतं. रिंग आणि क्रँक दोन्ही एकत्र आले तर खर्चाचा हिशोब गंभीरपणे मांडायची वेळ आली.

‘पिकअप गेला’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या पुष्कळ गाड्यांचं इंजिन धडधाकट असतं, दोष डाव्या बाजूच्या कव्हरखाली असतो. इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही, तर इंजिनाचा जोर मागच्या चाकाकडे नेणारा रबरी पट्टा झिजून अरुंद झाला किंवा व्हेरिएटरमधले (वेगाप्रमाणे आपोआप गिअर बदलल्यासारखं काम करणाऱ्या पुलीतले) सहा रोलर एका बाजूने चपटे झालेत. जागेवरून निघताना गाडी थरथरते, तर क्लच शू गुळगुळीत झालेत किंवा त्यांत पट्ट्याची धूळ भरली आहे. पट्टा २० ते २४ हजार किलोमीटरला बदलावा. चोर्ला किंवा अनमोड घाट नेहमी चढणाऱ्यांनी त्याआधीच उघडून बघावा. पट्टा बदलताना रोलरही बदला, कारण मजुरी एकदाच लागते. पट्टा घाटात तुटला तर गाडी ढकलण्यापलीकडे काही करता येत नाही.

पावसात रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून गाडी घातली असेल तर दोन गोष्टी लगेच बघा. याच कव्हरमध्ये पाणी शिरलं असेल तर पट्टा घसरतो. तो उघडून सुकवला की बरा होतो. मागच्या गिअरबॉक्समध्ये पाणी गेलं असेल तर तेल दुधट दिसतं. ते तसंच ठेवून चालवलं की गिअरची बेअरिंग जातात.

पेट्रोल आणि कार्बोरेटर

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या, हे खरं. म्हणून गाडी फेकायची गरज नाही, पण रबर बदलायला हवं. पेट्रोलचा पाइप, कार्बोरेटरचे ओ-रिंग, फ्लोटच्या सुईचं टोक आणि व्हॅक्यूमवर चालणाऱ्या पेट्रोल कॉकचा पडदा हे भाग जुन्या रबराचे असतील तर फुगतात, चिकट होतात किंवा तडकतात. इथेनॉल चालणारा पाइप मागून घ्या आणि कार्बोरेटरचा रिपेअर किट एकदाच टाकून मोकळे व्हा.

इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं पडणारच. तेवढ्यासाठी इंजिन उघडू नये. सकाळी सुरू व्हायला वेळ लागणं, अर्धवट अ‍ॅक्सिलरेटरवर अडखळणं ही लक्षणं मिश्रण पातळ झाल्याची (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा स्लो जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, तुंबल्याची. जेट साफ करताना तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर स्प्रे आणि हवा पुरते.

टाकीत टॉर्चचा उजेड टाकून बघा, अर्थात इंजिन थंड आणि आसपास ज्योत नसताना. तळाला तपकिरी पापुद्रे असतील तर कार्बोरेटर कितीदाही साफ केला तरी महिन्यात पुन्हा तुंबेल. टाकी बदलणं हाच उपाय.

मे महिन्याचं काम

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. गाडी ठेवायची ठरली तर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक पूर्ण दिवस तिला द्यावा.

गाडी गोड्या पाण्याने खालून धुवा, दोन दिवस उन्हात सुकू द्या. प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर, स्टीअरिंगच्या गळ्यावर आणि वायरच्या जोडांवर मारू देऊ नका. वॉशिंग सेंटरवाले तिथेच नोझल जवळ नेतात. फ्लोअर उघडा, वायर ब्रशने सुटा गंज काढा, रस्ट कन्व्हर्टर लावा, तो काळा पडून सुकला की रेड ऑक्साइड प्रायमर आणि त्यावर चासीसचा काळा रंग. पाइपच्या तोंडातून आत जाड, मेणासारखा गंजरोधक स्प्रे सोडा. फ्रेम आतून गंजते, बाहेरचा रंग तिला वाचवत नाही. जुनं जळकं इंजिन ऑइल खालून फासायची पद्धत अजून चालू आहे. ते धूळ धरतं, रबर खराब करतं आणि कधीतरी ब्रेकच्या ड्रमपर्यंत पोचतं. ती सोडावी.

ब्रेक उघडलाच पाहिजे. दोन्ही ड्रममध्ये शू फाकवणारा कॅम गंजून जड होतो, मग लिव्हर दाबला की ब्रेक लागतो पण सुटत नाही. गाडी जड चालते आणि ड्रम तापतो. कॅम काढून एमरी पेपरने साफ करा, उष्णता सोसणारं ग्रीस अगदी नखभर लावा. लिव्हरला १० ते २० मिलिमीटर मोकळीक हवी. ब्रेक दाबल्यावर ड्रमवरचा बाण खुणेला टेकत असेल तर शू बदला. केबल बाहेरून ठीक दिसली तरी आत गंजलेली असू शकते. तेल सोडूनही जड राहिली तर नवी टाका.

इंजिन ऑइल १०डब्ल्यू-३०, मॉडेलप्रमाणे ७०० ते ८०० मिलिलिटर. दर ३,००० किलोमीटरला, आणि गाडी कमी चालत असली तरी सहा महिन्यांनी बदलावं. डिपस्टिक पुसून आत टेकवा, आटे फिरवू नका. फिरवून मोजलं तर ती खोल जाते आणि तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. गिअर ऑइल साधारण १२० मिलिलिटर. ते बदलायचं कुणाला आठवतच नाही. एअर फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर हवा मारून साफ करू नका, बदला. मॅन्युअलमध्ये १६,००० किलोमीटर म्हटलं असलं तरी लाल धुळीच्या रस्त्यावर १० हजारांना तो भरलेला असतो. टायरमध्ये पुढे २२ आणि मागे २९, दोघे बसत असाल तर मागे ३६ पीएसआय.

विजेचा दोष म्हणून येणाऱ्या तक्रारींत पहिला संशय अर्थिंगच्या गंजलेल्या बोल्टवर घ्यावा. हॉर्न दिला की इंडिकेटर मंद होतो, स्टार्टर कधी फिरतो कधी नुसता टिक करतो, अशी विचित्र लक्षणं तिथूनच येतात. बोल्ट काढा, पत्रा चमकेपर्यंत घासा, बसवून वरून पेट्रोलियम जेली लावा. त्यानंतर मल्टिमीटरने बॅटरी बघा: उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, रेस दिल्यावर १४ ते १४.५. चार्जिंग बरोबर असूनही सकाळी बॅटरी उतरलेली असेल तरच नवी घ्या.

घर बंद ठेवून जाणाऱ्यांसाठी

बोटीवर किंवा आखातात सहा-आठ महिने जाणाऱ्यांच्या गाड्या वापराने झिजत नाहीत, पडवीत उभ्या राहून खराब होतात. निघण्याआधी नवं ऑइल टाका. टाकी लोखंडी असल्याने ती काठोकाठ भरा, कारण रिकाम्या जागेत दमट हवा राहते आणि तिथेच गंज धरतो. कार्बोरेटर मात्र ड्रेन स्क्रू सैल करून पूर्ण रिकामा करा. इग्निशन बंद ठेवून प्लग काढा, चमचाभर ऑइल सोडा, चार-पाच किक मारा, प्लग परत बसवा. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, घरात कुणी असेल तर महिन्यातून एकदा चार्ज करायला सांगा. गाडी मेनस्टँडवर, खाली फळी. प्लास्टिकची ताडपत्री ओल कोंडते, त्यापेक्षा जुनी सुती चादर बरी. सायलेन्सरच्या तोंडात फडका कोंबा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते, आणि किल्लीला चिठ्ठी बांधा, म्हणजे परत आल्यावर फडका काढायची आठवण राहील. आल्यावर टाकीतल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येत असेल तर ते चालवून संपवायच्या फंदात पडू नका, काढून टाका.

पैशांचा हिशोब

नव्या गाडीसाठी ८० हजारांचं कर्ज ११ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे २,६२० रुपये बसतो, म्हणजे व्याजाचेच १४ हजारांच्या वर जातात. शिवाय सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. तो ऑन-रोड किमतीत मिसळलेला असतो, म्हणून वेगळा जाणवत नाही. दुसऱ्या बाजूला सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. २०२४ चं जुनं कोटेशन धरून तुलना करू नका.

आमच्या मते मर्यादा अशी: फ्रेम निरोगी असेल आणि सगळी दुरुस्ती मिळून सहा हप्त्यांच्या आत बसत असेल, म्हणजे वरच्या उदाहरणात १५-१६ हजारांत, तर दुरुस्तीच करावी. एवढ्यात रिंग, पट्टा-रोलर, ब्रेक, टायर आणि कार्बोरेटरचा किट यांपैकी बरंच काही होतं. मात्र कोटेशन सगळं एकदम लेखी घ्या. दर दोन महिन्यांनी दोन-दोन हजार देत गेलात तर मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही.

नव्या गाडीचे फायदे खोटे नाहीत. २०२० पासूनच्या अ‍ॅक्टिव्हाला फ्युएल इंजेक्शन आहे, पावसाळी सकाळी चोकची कटकट नाही. पुढे टेलिस्कोपिक फोर्क आणि १० ऐवजी १२ इंची चाक, खड्ड्यात फरक लगेच कळतो. पेट्रोल भरताना सीट उघडावी लागत नाही. राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून मागे माणूस बसवून रोज ४०-५० किलोमीटर जायचं असेल तर आमचं मत नव्या गाडीच्या बाजूने, आणि तीही पुढे डिस्क ब्रेक असलेली. घरापासून बाजार, शाळा, देऊळ एवढंच फिरणं असेल तर यातलं फारसं उपयोगी पडत नाही. उलट सेन्सर आणि ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा) दोष शोधायला स्कॅनर लागतो, तो गावातल्या प्रत्येक गॅरेजात नसतो. आणि मीठ नव्या फ्रेमलाही सोडत नाही: मे महिन्याचं वरचं काम नवी गाडी घेतली तरी पहिल्या वर्षापासून करायचंच आहे.

कागद

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. गाडी आरटीओत दाखवावी लागते, आणि इथे किनाऱ्यावरच्या गाड्यांची एक खास अडचण होते: चासीस नंबर गंजाने खाल्लेला असतो. नंबर वाचता आला नाही तर तपासणी अडते. आरसीवरच्या नंबराशी जुळवून तो फ्रेमवर कुठे कोरला आहे ते आजच शोधा, मऊ ब्रशने साफ करा, खरवडू नका. कागद ठेवून पेन्सिलने ठसा काढून घ्या, फोटो काढा, वर ग्रीसचा थर द्या. पीयूसी (प्रदूषणाचं प्रमाणपत्र) बीएस-४ या धुराच्या मानकाच्या आणि पुढच्या गाड्यांना वर्षाची, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची मिळते.

गाडी विकायची ठरली तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून किल्ली देणं पुरेसं नाही. हस्तांतरण प्रत्यक्ष होईपर्यंत चलन आणि अपघाताची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याकडेच येते, म्हणून नाव बदललेली आरसी ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा करा. फ्रेम गेलेली गाडी भंगारवाल्याला तशीच देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला देऊन तिचं प्रमाणपत्र घ्या, त्यावर आरटीओत नोंदणी रद्द करा, आणि चासीस नंबरचा तुकडा कापून कुणाच्या हाती पडणार नाही हेही बघा.